लुव्हीचे केस

रोवेना: पण ती किंचाळली का?

टीएरा: म्हणजे काय?

रोवेना: पान एकोणऐंशी. चर्चमध्ये शवपेटी ठेवलीय, नातेवाईक पहिल्या ओळीत. मागून ही उठते, धावत येते, पेटीवर अंग टाकते आणि ओरडते, 'ही माझी होती!' मी एवढंच विचारतेय, ती किंचाळली का?

टीएरा: मिस रोवेना, नाटक आहे हो ते. मी लिहिलंय म्हणून किंचाळली.

रोवेना: तू लिहिलंस म्हणून, का तुला किंचाळायचंय म्हणून?

टीएरा: हे बघा, हे असं करता तुम्ही! अख्खा वर्ग म्हणतो, मॅकडफीबाईंकडे नाटक घेऊन जा, नाटक जागेवर राहतं, झोप जाते.

रोवेना: म्हणू दे. उत्तर दे.

टीएरा: हो, मला किंचाळायचंय. झालं? तंबाखूच्या कारखान्यात राबलेल्या दोन काळ्या बायका, एका घरात एक्केचाळीस वर्षं, आणि अख्खा डरहॅम गाव त्यांना काय म्हणायचा? 'त्या दोघी.' माझी आजीसुद्धा आवाज खाली आणून म्हणायची, 'त्या दोघी राहतात तिथं.' जन्मभर हळू बोलल्या त्या. शेवटी एकदा तरी ओरडू दे की त्यांना.

रोवेना: जी बाई एक्केचाळीस वर्षं हळू बोलली, तिचा आवाज नेमका कुठे मोठा झाला असेल, हे आपल्याला माहीत नाही, टीएरा. मला माहीत नाही, तुलाही नाही.

टीएरा: आणि कळायचा मार्गही नाही. दोघीही गेल्या.

रोवेना: कोण म्हणालं?

टीएरा: लुव्हीनिया बार्बी दोन हजार तेरा साली गेली. दुसरी... दुसरीही गेलीच असेल ना. माझ्या आजीपेक्षा मोठी होती.

रोवेना: हे बघ. चर्चच्या जुन्या कागदांच्या खोक्यात सापडलं. चार महिने शोधत होते.

टीएरा: अंत्यविधीची पत्रिका आहे ही. लुव्हीनियाची! 'मागे एक भाऊ, तीन भाच्या, दोन भाचे, आणि एक निष्ठावान मैत्रीण.' नाव कुठंय?

रोवेना: नाही छापलं.

टीएरा: भाच्यांच्या नवऱ्यांचीसुद्धा नावं आहेत.

रोवेना: हो. म्हणून मग मी गावात विचारत विचारत ती बिननावाची मैत्रीण शोधली आणि तिला पत्र लिहिलं. इझोरा पेटिफर्ड. वय शहाऐंशी. फेएटव्हील स्ट्रीटच्या मागे, पिवळा ओटा असलेलं घर.

टीएरा: जिवंत आहे? मिस रोवेना, मी तिला ऐंशीव्या पानावर मारलंय!

रोवेना: तिनं वाचलंय ते. पत्राबरोबर नाटकही पाठवलं होतं. हे तिचं उत्तर.

टीएरा: 'गुरुवारी दुपारी या. केक मी करीन. वही आणू नका.' एवढंच?

रोवेना: तेवढंच.

*

इझोरा: तू लेटा मेची नात. काही सांगू नको, कपाळच सांगतंय. बस. आणि तू मिस मॅकडफी. पत्रात लिहिलंस नाटकाचं काम करतेस. नट आहेस?

रोवेना: नाही, मिस इझोरा.

इझोरा: लिहितेस?

रोवेना: लिहिते ती ही. मी तिच्याजवळ बसते, विचारते. हे खरं का, ते कुठून आलं, इथं हिला असं का वाटलं. जुने कागद शोधते. आमच्यासारख्यांची, म्हणजे काळी आणि शिवाय बाईवर जीव लावणारी बाई, पुरुषावर जीव लावणारा पुरुष, अशा माणसांची नाटकं कोणी लिहायला घेतली की मी सोबत असते. वर्गात शिकवतेही तेच.

इझोरा: म्हणजे दुसरी शिवत बसलीय आणि तू शेजारी बसून म्हणतेस, हे उसव.

टीएरा: अगदी बरोबर! उसवायलाच लावतात सारखं.

इझोरा: माझी आई तशी होती. तिच्या हातचे कपडे अजून टिकलेत. केक घ्या. आणि पोरी, तुझं नाटक वाचलं मी.

टीएरा: मिस इझोरा, ते शेवटी मी तुम्हाला... मला माहीत नव्हतं.

इझोरा: मेल्याचं काही नाही, मरणार आहेच. पण तू मला फार रडवलंस. आणि ते तिसावं पान. कारखान्यात पोत्यांच्या मागे आम्ही दोघी मुका घेतो.

टीएरा: ते नको होतं का?

इझोरा: अगं, तंबाखूची धूळ! मुका कसला, शिंका येतील. दोन वर्षं तर नुसता हातसुद्धा धरला नव्हता आम्ही. दिवसभर पानांचे देठ काढून हात असे चिकट व्हायचे, की चुकून हात लागला तर सोडवून घ्यावा लागायचा. लुव्ही म्हणायची, 'इझोरा, हे लोक आपल्याला फुकटात चिकटवतायत.'

टीएरा: हे... हे लिहू का मी?

इझोरा: वही आणू नका म्हटलं होतं.

टीएरा: डोक्यात लिहितेय.

इझोरा: डोकं आणलंस ते ठीक. तुझ्या आजीला पटलं असतं का हे, तू लिहितेस ते?

टीएरा: नाही. माझ्या मैत्रिणीला मी घरी आणलं, तर आजीनं जाळीचं दार उघडलं नाही. आतूनच बोलली. मग मी शिकागोला निघून गेले. ती गेली तेव्हाही तिथंच होते.

इझोरा: हं. तू शिकागोला गेल्यावर आली होती ती माझ्याकडं.

टीएरा: आजी?

इझोरा: चाळीस वर्षं या रस्त्यावर राहिली, कधी ओटा चढली नाही. त्या दिवशी चढली. उभीच राहिली. म्हणाली, 'इझोरा, अवघड असतं का गं?' मी म्हटलं, 'तंबाखूतलं तण काढण्यापेक्षा सोपं.' मान हलवली आणि गेली.

टीएरा: मला का नाही विचारलं?

इझोरा: तुला विचारायचा धीर नाही झाला. मला विचारायचा झाला. माणसाला जेवढा होतो तेवढा होतो, बाळ. नाक पूस. केक ओला होतोय.

रोवेना: मिस इझोरा, मी एक विचारू? नको वाटलं तर उत्तर देऊ नका.

इझोरा: चर्चमधल्या त्या दिवसाचं विचारणार तू.

रोवेना: नाही. त्या सकाळचं. विधी दुपारी एक वाजता होता, पत्रिकेत आहे. त्याआधी, उठल्यापासून, तुम्ही काय केलंत?

(इझोरा केकवर झाकण ठेवते, पुन्हा काढते.)

इझोरा: अकरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

रोवेना: राहू दे.

इझोरा: नाही, थांब. आदल्या दिवशी फोन आला. हॉरेस फिकलिंगचा. अंत्यविधीचं दुकान त्याचं. म्हणाला, 'मिस पेटिफर्ड, घरच्यांना मी बाराची वेळ दिलीय. तुमची वेळ सातची.' मी म्हटलं, कशाची वेळ? म्हणाला, 'केसांची. मिस बार्बींचे केस दुसऱ्या कोणाच्या हातानं व्हावेत, हे मला बरोबर वाटत नाही.'

टीएरा: त्यांना माहीत होतं?

इझोरा: दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो आणि त्याचा चुलत भाऊ राहायचे. तीस वर्षं. आता तो चुलत भाऊ असेल तर मी राणी आहे. पण तोंडातून शब्द काढला नाही कधी, ना त्यानं, ना मी. चर्चच्या दारात टोपी जरा जास्त वर उचलायचा, एवढंच.

रोवेना: आणि मग तुम्ही सातला गेलात.

इझोरा: पावणेसातला. त्यानं खोली गरम करून ठेवली होती. गेलेल्या माणसाची खोली कोणी गरम ठेवत नाही, पण त्यानं ठेवली होती. केस सरळ करायची लोखंडी फणी तापवायला छोटी शेगडी. खुर्ची. मला आत सोडलं, दार लावलं, आणि दाराबाहेर दुसरी खुर्ची टाकून स्वतः बसला. चांगला काळा सूट घालून, पहारेकऱ्यासारखा.

टीएरा: देवा.

इझोरा: दर शनिवारी मी तिचे केस करायची. याच स्वयंपाकघरात, तू बसलीयस त्या खुर्चीवर. तेल लावायचं, एकेक बट सोडवायची, फणी तापवायची, मग वरून खाली. एक्केचाळीस वर्षांत किती शनिवार झाले ते तुम्ही शिकलेल्या बायका काढा. तिथंही तसंच केलं. फणी तापवली आणि आधी कागदावर टेकवून बघितली, कागद पिवळा पडतोय का. मग मनात आलं, इझोरा, आता हिला चटका बसणार आहे थोडाच? पण तरी बघितली. पुन्हा बघितली.

रोवेना: हं.

इझोरा: उजवी बाजू झाली. मागचं झालं, मानेवरचे ते बारीक केस, तिथं तिला फार गुदगुल्या व्हायच्या, तेही झाले. डाव्या बाजूला आले, कानाशी. आणि तोंडातून गेलं, 'कान धर, लुव्ही.'

टीएरा: आई गं.

इझोरा: दर शनिवारची सवय ना. फणी कानाजवळ आली की मी म्हणायची, कान धर, आणि ती हात वर करून कान दुमडून धरायची. बोलता बोलता, बातम्या ऐकता ऐकता. मी म्हटलं आणि थांबले. हातात फणी, अशी. थांबून राहिले की ती धरेल. फणी गार होईपर्यंत.

रोवेना: आणि मग?

इझोरा: मग फणी पुन्हा तापवली. एका हातानं मीच तिचा कान धरला, दुसऱ्या हातानं केस केले. झालं. बाहेर हॉरेस उभा राहिला, त्यानं केसांकडं बघितलं आणि माझ्यापुढं मान वाकवली. जशी विधवेपुढं वाकवतात तशी. त्या अख्ख्या दिवसात तेवढीच एक मान. मग मी घरी आले, पांढरे कपडे घातले, चर्चला गेले, तिसऱ्या ओळीत बसवलं तिथं बसले. सगळ्या बायका म्हणत होत्या, लुव्हीनिया काय सुंदर दिसतेय. मी म्हटलं, आमेन.

टीएरा: मी... मी पान एकोणऐंशी फाडून टाकते.

इझोरा: फाडू नको. मागची बाजू कोरी आहे, किराणा लिहीन.

टीएरा: मिस इझोरा, हे ठेवू नाटकात? हाच शेवट आहे, दुसरा कुठलाच नाही. प्लीज.

इझोरा: नाही.

टीएरा: पण...

इझोरा: नाही म्हटलं. मी चर्चची मदर आहे, बाळ, सगळ्यांत मानाची म्हातारी. पांढरी टोपी घालून बसते. नवीन पोरींच्या बाळांना पहिल्यांदा मी हातात घेते. उद्या एखादीनं बाळ मागं ओढलं तर? गाव कुजबुजतं ते मी ऐकू येत नसल्यासारखं करते. मोठ्यानं बोललं तर तसं करता येणार नाही.

टीएरा: मिस रोवेना, सांगा ना तुम्ही काहीतरी!

रोवेना: तिचं आहे ते, टीएरा. ती नाही म्हणाली. मिस इझोरा, हे या स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही.

इझोरा: ताणून धरणार नाहीस?

रोवेना: नाही.

इझोरा: चार महिने शोधलंस म्हणे मला.

रोवेना: पंचवीस वर्षं शोधत होते. विशीत असताना पुस्तकांमध्ये हुडकायची, एखादी तरी बाई माझ्यासारखी, म्हातारी झालेली. तरुणपणी मेलेल्या सापडायच्या. शहाऐंशी वर्षांची, केक करणारी कधी सापडली नाही. आज सापडली. नाटक होवो न होवो, माझं काम झालं.

इझोरा: हं. उरलेला केक बांधून घ्या. मी एकटी किती खाऊ.

*

इझोरा: त्या निळ्या शर्टवाल्या पोरीला सांगा, चालताना हात एवढे हलवत नव्हते मी.

टीएरा: मिस इझोरा! तुम्ही कधी आलात? कशा आलात?

इझोरा: बसनं. अर्धा तास मागच्या बाकावर बसून तालीम बघतेय, कोणाचं लक्ष नाही. चांगल्या करतायत पोरी. शेवट कुठंय?

रोवेना: शेवट एवढाच आहे आता. ती चर्चच्या दारापाशी पोचते आणि अंधार होतो.

इझोरा: दारापाशी?

रोवेना: पुढचं आमचं नाही. आम्ही तसंच ठरवलं.

टीएरा: दुसरं काहीतरी रचून टाकता आलं असतं मला. पण आता ऐकल्यावर खोटं लिहवत नाही. पेनच चालत नाही.

इझोरा: म्हणजे लुव्ही तिकडं आत एकटी पडून, आणि मी दारात?

रोवेना: हो, मिस इझोरा.

इझोरा: लोक टाळ्या वाजवून घरी जाणार, आणि तिचे केस कोणी करणारच नाही?

रोवेना: तुम्ही सांगाल तसं.

इझोरा: खुर्ची आणा. नाही, ती नको, पाठीची उंची कमी आहे. ती. निळ्या शर्टवाली, इकडं ये. नाव काय तुझं? राहू दे, नंतर सांग. ही रुमालात माझी फणी आहे. काट्यासारखी धरू नको, जेवायला नाही बसलीस. अशी. दांडा तळहातात, आणि करंगळी मोकळी, तिच्यानं कानामागची बट उचलायची.

टीएरा: मिस इझोरा, पण चर्च? बाळांचं म्हणालात तुम्ही.

इझोरा: मंगळवारी देवाला विचारलं. गप्प बसला. या वयात मी त्याला होकारच धरते.

रोवेना: नावं बदलू आम्ही. गाव बदलू, कारखाना बदलू. ते सहज होतं.

इझोरा: नाव बदललं तर फणी परत घेऊन जाईन. एकदा बिननावाची छापून झाले मी. इझोरा पेटिफर्ड. स्पेलिंगात 'टी' एक का दोन ते तुम्ही बघा, पण छापा.

*

टीएरा: दोन शब्दांवर. मिस रोवेना, फक्त दोन शब्दांवर काय झालं ते!

रोवेना: सावकाश. श्वास घे. प्रयोग संपला तरी लोक अजून बाहेर अंगणात आहेत.

टीएरा: मी पडद्याच्या बाजूला होते, मला नट दिसत होते, लोक दिसत नव्हते. 'कान धर, लुव्ही' झालं आणि ती फणी घेऊन थांबली, आणि सभागृहातून काहीतरी आवाज आला. सरसर असा. मला वाटलं लोक उठून चालले. काय होतं ते?

रोवेना: बाह्यांचा आवाज होता.

टीएरा: कसला?

रोवेना: मी सगळ्यात मागे उभी होते. आधी मधल्या रांगेतल्या एका म्हातारीचा हात वर गेला. तिनं स्वतःचा कान धरला. तिला कळलंही नसेल. मग तिच्या मागची. मग डावीकडच्या तिघी. टीएरा, अख्खं सभागृह. शेगडीजवळच्या खुर्चीवर लहानपणी बसलेली प्रत्येक बाई. आजीच्या, आईच्या, मावशीच्या हातांखाली बसलेली. मिस इझोरांच्या चर्चची पाद्रीबाई तर दुसऱ्या ओळीत, तिनं नाटकभर हाताची घडी सोडली नव्हती. तिचाही हात वर.

टीएरा: त्यांनी सगळ्यांनी लुव्हीसाठी...

रोवेना: मला नाही माहीत कोणासाठी. शंभर-सव्वाशे बायका आपापला कान धरून अंधारात बसल्या होत्या. हुंदका नाही, काही नाही. पंचवीस वर्षं मी नाटकात आहे. असं कधी बघितलं नाही. आणि कधीतरी लक्षात आलं की माझाही हात कानावर आहे.

टीएरा: मी हे लिहिलं नव्हतं.

रोवेना: नाही. आपण कोणीच नाही. त्या पलीकडे बघ. मिस इझोरा एकट्याच बसल्यात पुढच्या खुर्चीवर. जा, पाणी नेऊन दे.

टीएरा: मिस इझोरा, पाणी. दमलात?

इझोरा: बसून कोण दमतं. लुव्हीची भाची भेटून गेली आत्ता. डेलोरिस.

रोवेना: आली होती? काय म्हणाली?

इझोरा: आधी नुसती उभी राहिली. मग विचारलं, 'केस तुम्ही केले होते?' म्हटलं, हो. म्हणाली, 'आम्ही मिस्टर फिकलिंगना आभाराचं कार्ड पाठवलं होतं. केस इतके छान केल्याबद्दल. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या.'

टीएरा: मग?

इझोरा: मग म्हणाली, 'पत्ता चुकला.' आणि मला धरून रडली. बाई चांगलीच जड आहे, खुर्चीसकट मागं गेले असते.

टीएरा: आणि पाद्रीबाई? त्या काही बोलल्या का?

इझोरा: म्हणाली, रविवारी भेटू. कोणत्या सुरात म्हणाली ते रविवारी कळेल. बघू.

रोवेना: भीती वाटतेय?

इझोरा: थोडी वाटतेय. खोटं कशाला बोलू.

टीएरा: मिस इझोरा, एक विचारते. ती तिथं फणी घेऊन थांबली होती, तुमच्याच नावाची बाई, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? फार त्रास झाला का?

इझोरा: मलाही वाटलं होतं होईल. रुमाल चार घडी करून आणला होता. पण दया नाही आली गं तिची. हेवा वाटला.

टीएरा: कोणाचा?

इझोरा: तिचाच. त्या निळ्या शर्टवालीचा. म्हणजे माझा. इतकी वर्षं मी काय गेलं तेवढंच मोजत होते. इथं बसून पहिल्यांदा बाहेरून बघितलं. केवढं मिळालं होतं त्या बाईला.